पाठीला पाठ

८ जानेवारी २०२५, बुधवार

गॅदरिंगचा हंगाम आज संपला. पाच शाळा, एकोणतीस नाच. शेवटच्या शाळेत पहिलीतला एक नारळ स्टेजवरच झोपला. पुठ्ठ्याच्या करवंटीतून त्याचे दोन पाय तेवढे बाहेर दिसत होते आणि बाकीचे नारळ त्याला वळसा घालून नाचत राहिले. पालकांना वाटलं, मी ते तसंच बसवलंय. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच.

निघताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मृणालीमॅडम, तुमचे नाच सगळे सारखेच छान असतात." कौतुकानंच म्हणाल्या. मी स्कूटरवरून रत्नागिरीत मांडवीला घरी येईपर्यंत त्यातला 'सारखेच' एवढाच शब्द बरोबर घेऊन आले.

सानवीनं फोनवर एक जाहिरात पाठवली आहे. सानवी माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, आता एकोणीस वर्षांची. बंगळूरच्या एका संस्थेत नृत्यरचनेचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे. देशभरातून बारा जण घेतात. तिथं नाचायला शिकवत नाहीत, नाच बसवायला शिकवतात. अर्जाबरोबर दहा मिनिटांची स्वतःची रचना पाठवायची, पण ती दुसऱ्यांवर बसवलेली हवी. अर्जदारानं स्वतः नाचायचं नाही. वय एक जुलैला बत्तिसाच्या आत. मला ऑगस्टात बत्तीस पूर्ण होतात. म्हणजे यंदा, नाहीतर नाहीच. मुदत ३१ मार्च.

वाचून झाल्यावर पहिलं मनात आलं, हे राहीला दाखवायला हवं. ती मुंबईला जाऊन अडीच वर्षं झाली, अजून पहिलं तेच येतं.

१२ जानेवारी, रविवार

ठरवलं. अर्ज करायचा.

दोघींचा नाच बसवायचा. एक सानवी, दुसरी आर्या. आर्या फिशरीज कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे, दोन वर्षं क्लासला येते. उंच, शांत, सांगितलेलं वहीत लिहून घेणारी मुलगी.

आमचा हॉल आत्मारामकाकांच्या पिठाच्या गिरणीवर. गिरण चालू असली की पायाखालची फळी थरथरते, नवीन मुली घाबरतात. मी आणि राहीनं हा हॉल घेतला तेव्हा आम्ही चोवीस-पंचवीसच्या होतो. मी कथक शिकलेली, शहरातली. राही पालीच्या पलीकडच्या गावातली. तिचे वडील जाखडीत नाचायचे, गणपतीत मुंबईहून यायचे ते घुंगरू पिशवीत घालूनच. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या पायांना आपोआप यायचं. मी तिला मोजायला शिकवलं आणि तिनं मला मोजणं सोडायला.

आज सानवीनं विचारलं, "ताई, राहीताई मुंबईला गेल्या तेव्हा तुम्ही का नाही गेलात?"

"आप्पांचं बायपास झालं ना तेव्हा," मी म्हटलं. ती 'हां' म्हणाली आणि घुंगरू बांधायला बसली.

२१ जानेवारी, मंगळवार

पहिली चार मिनिटं उभी राहिली. मधोमध 'होडी' घेतली आहे.

होडी हे आमचं नाव. पाठीला पाठ लावून दोघींनी उभं राहायचं. एकीनं आपलं सगळं वजन मागे सोडून द्यायचं, दुसरीनं ते न बघता सांभाळायचं. मग दोघी तशाच, पाठी न सोडता, जाखडीच्या गोलात फिरायच्या. २०१९ साली सापडली. खाली गिरण जोरात होती, आम्ही दमून पाठीला पाठ टेकून बसलो होतो आणि थरथर एकीच्या पाठीतून दुसरीच्या पाठीत जात होती. राही म्हणाली, "अशीच ऊठ गो, पाठ नको सोडू." उठलो. तासभर पाठ सोडली नाही. हसून हसून पोट दुखलं.

आर्याला होडी जमत नाही. जमते, पण खांदा खाली येत नाही. राही वजन घेताना डावा खांदा असा सोडायची की समोरच्याला वाटावं, ही पडली. आणि पडायची नाही. मी आर्याला तो खांदा तीस वेळा करून दाखवला.

२ फेब्रुवारी, रविवार

आज माझं चुकलं असावं. आर्याला म्हटलं, "तुझ्याकडून हे होणार नाही असं दिसतंय."

तिनं वही उघडली, पेन काढलं, मग बहुतेक लक्षात आलं की यात लिहून घेण्यासारखं काही नाही. वही मिटली.

ती गेल्यावर सानवी म्हणाली, "ताई, तुम्ही आर्याला शिकवतच नाही आहात. तिच्यातून कुणीतरी दुसरंच बाहेर काढायला बघताय."

एकोणीस वर्षांच्या मुलीनं एवढं बोलू नये. मी तिला तसं सांगितलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आर्या तीन दिवस आली नाही. परीक्षा जवळ आली असेल. शेवटचं वर्ष आहे.

एकट्या सानवीबरोबरच तालीम. ती होडीच्या जागी मागे झुकते आणि तिच्या पाठीशी कुणी नसतं. स्वतःच कशीबशी तोल सांभाळून उभी राहते. बघायला विचित्र वाटतं, पण वाईट नाही वाटत. हे आज लिहून ठेवते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

राही टीव्हीवर!

आईनं सकाळी हाक मारली, "मृणाले, इकडे ये गो, तुझी राही बघ." नाचाच्या कार्यक्रमाचं पुन्हा प्रक्षेपण चाललं होतं. राहीनं बसवलेला नाच, आठ मुली, निळे घागरे. केस कापलेत तिनं. पहिल्या मिनिटातच मला कळलं की आता होडी येणार. माझ्या पाठीला कळलं आधी. आणि आली. आठही मुली जोडीजोडीनं पाठीला पाठ लावून झुकल्या, गोल फिरल्या, लोक उभे राहिले. परीक्षकांनी विचारलं, हे सुचलं कुठून? राही माईकमध्ये म्हणाली, "मी कोकणातली आहे. मला समुद्रानं शिकवलं."

मला इतका आनंद झाला. तिला आठवतंय! अडीच वर्षं तिकडे इतक्या गोष्टी केल्या असतील, इतके लोक भेटले असतील, तरी तिला आमची होडी आठवते.

दिवसभर तोच तुकडा फोनवर बघत होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सानवी भडकली आहे. "समुद्रानं शिकवलं म्हणे! समुद्राला पाठ असते का, ताई?"

मी म्हटलं, टीव्हीवर दोन वाक्यं बोलायला मिळतात, त्यात काय काय सांगणार.

आई पोळ्या लाटताना म्हणाली, "नाव घ्यायला कितीसा वेळ लागतो गो? मृ-णा-ली. झालं." तिनं लाटण्यानं तीन ठोके दिले.

मला राग का येत नाही, याचा विचार केला. येत नाही एवढं खरं. पण सानवीनं दुसरं एक सांगितलं ते बरोबर आहे. माझ्या रचनेच्या मधोमध होडी आहे. तो कार्यक्रम देशभर दिसला. मी ती पाठवली तर बंगळूरवाले म्हणतील, हिनं टीव्हीवरून उचललं.

राहीला मेसेज केला. 'बघितलं. फार छान. एक विचारायचं होतं.' तिनं एक लाल बदाम पाठवला. पुढं काही नाही. बदामही पुष्कळ झाला, असं वाटून गेलं.

१ मार्च, शनिवार

सानवी घरी आली होती. पुन्हा तोच विषय निघाला. मी त्या वेळी गेले असते तर आज टीव्हीवर दोघींचं नाव असतं, वगैरे. मी म्हटलं, "काय करणार, आप्पांचं ऑपरेशन."

आप्पा झोपाळ्यावर शब्दकोडं सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "ऑपरेशन ऑगस्टातलं. तू राहिलीस जूनमध्ये."

झोपाळ्याची कडी तेवढी वाजत राहिली. सानवी चहाच्या कपात बघत होती.

"माझ्या नावावर खपवू नकोस गो," आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग मला विचारलं, 'आरमार' बसेल का बघ, चार अक्षरी.

इथं तरी खरं लिहायला हवं. जून २०२२. राही आठवडाभर आधी गेली होती, खोली बघून ठेवायला. माझं तिकीट पुढच्या रविवारचं होतं. बॅग भरली होती. सकाळी उठले, आंघोळ केली, आणि गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं. मला भीती वाटली. कशाची, ते मला त्या दिवशीही कळलं नव्हतं. मुंबईची म्हणावी तर मुंबई मी लहानपणापासून बघितली आहे. दोन महिन्यांनी आप्पांच्या छातीत दुखायला लागलं आणि मला कारण मिळालं. आज पहिल्यांदा हे लिहिते आहे की मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. स्वतःच्या बापाचं हृदय दुखत असताना.

१६ मार्च, रविवार

राही आली!

शिमग्याला गावी आली होती. मुंबईची सगळी माणसं येतात तशी. मेसेज न करता थेट दारात उभी. कपाळावर पालखीचा गुलाल, उजवा खांदा धरलेला. "पालखी नाचवली गो. यंदा आम्हा पोरींनीपण खांदा दिला. आता हात वर जात नाय."

खूप बारीक झाली आहे. डोळ्यांखाली काळं. आईनं पुरणपोळी वाढली, तूप वाढलं, आणि ती दुसरा घास घेत असताना सरळ विचारलं, "टीव्हीवर माझ्या मुलीचं नाव घ्यायला काय झालं होतं तुला?"

"आई!" मी म्हटलं.

राहीनं घास खाली ठेवला. मग तोच घास उचलून खाल्ला. आईनं आणखी तूप वाढलं. आईचं असंच असतं.

संध्याकाळी भाट्याच्या समुद्रावर गेलो, सुरूच्या बनाच्या कडेनं चाललो. ओहोटी होती. राही तिकडचं सांगत होती. टीव्हीवर तिचं नाव दिसलं ते एकदाच. एरवी नाच ती बसवते आणि नाव वरच्या माणसाचं लागतं. पण आता पुढच्या सत्रात तिला स्वतंत्र काम देणार आहेत. "एकटीला झेपणार नाय. मला माझ्या भाषेत मोजणारं कुणीतरी पायजे. तू ये. एक एप्रिलपासून. मालाडला खोली हाय, दोघींना पुरेल."

मी 'येते' म्हणाले. विचार केलाच नाही. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा कळलं की हे वाक्य अडीच वर्षं तोंडातच होतं.

बंगळूरचं तिला सांगितलं नाही. आता सांगण्यासारखं काय आहे त्यात?

१७ मार्च, सोमवार

जाणार. आईला अजून बोलले नाही. दिवसभर हातून नीट काही झालं नाही, चहात मीठ घातलं. आप्पांनी तो न बोलता प्यायला.

१८ मार्च, मंगळवार

राही हॉलवर आली. पायऱ्या चढताना गिरणीच्या पिठाचा वास आला तशी थांबली, भिंतीला हात लावला. आत सानवी होती. राहीशी चार शब्द बोलली, तेही तोडून.

राही म्हणाली, "काय बसवतेस ते दाखव तरी." आर्या फेब्रुवारीपासून येतच नाही, म्हणून सानवीनं एकटीनं दाखवलं. मी आर्याच्या जागा तोंडानं सांगत होते. राहीनं दोन मिनिटं बघितलं, चपला काढल्या आणि आर्याच्या जागी जाऊन उभी राहिली.

दोन महिने मी त्या जागी तिला बघत होते. आता ती खरीच तिथं होती. तोच डावा खांदा, तीच मान. होडी आली. सानवी मागे झुकली, राहीनं ते वजन असं घेतलं जसं काही वजनच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी भिंतीकडे तोंड करून बाटली उघडून पाणी प्यायले.

मग वळून पुढचं बघितलं आणि मला काहीतरी बोचायला लागलं.

माझ्या रचनेत शेवटी सांभाळणारी हळूच बाजूला होते आणि निघून जाते. झुकलेली पडायला हवी, पण पडत नाही. पाय थरथरतात, हात कुठं ठेवावे कळत नाही, आणि ती तशी उभी राहते. बराच वेळ. सानवी एकटी तालीम करत होती त्या दिवसांत ते सापडलं होतं. पण राही इतकी पक्की सांभाळते की ती गेल्यावरही सानवी पडेल असं वाटेचना. धोकाच नव्हता. सुंदर होतं आणि खोटं होतं.

राहीलाही काहीतरी कमी वाटलं असणार. ती म्हणाली, "शेवट बदलूया. ही पडू दे. धाडकन. मी वळून जमिनीच्या वीतभर वर झेलते. लोक उभे राहतील बघ."

"नको," मी म्हटलं.

"अगो, बघ तरी करून..."

"नको, राही. तसं नाही ते. तिला तशीच उभी राहू दे."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सात वर्षांत राहीला नाचाबद्दल मी 'नको' म्हटलेलं मला आठवत नाही. ती सुचवायची, मी मोजून पक्कं करायची. आमचं असंच होतं. सानवी चुपचाप बाहेर गॅलरीत गेली.

राही खालीच बसली. मीही बसले. खाली गिरण चालू होती.

"हे कुठं पाठवायचंय तुला?" तिनं विचारलं. मग सांगितलं सगळं. बंगळूर, वय, मुदत.

ती बोटानं पायाचा अंगठा दाबत राहिली. मग म्हणाली, "मी दादरला आले होते. त्या रविवारी. सकाळी इथनं सुटते त्या गाडीला. तू नव्हतीस. म्हटलं चुकली असेल, दुसऱ्या गाडीला येईल. ती पण बघितली. तुझा फोन बंद."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी बंद ठेवला होता."

"तुला भीती वाटली ते मला कळलं होतं. पण तू सांगितलं नाय. मी फलाटावर उभी राहून लोकांना विचारत होते, रत्नागिरीची गाडी अजून कुठली हाय का." तिनं काढलेल्या चपला जवळ ओढल्या. "आता तू मालाडला येशील, पण आता पण सांगितलं नसतंस. हे बंगळूरचं."

मी माफी मागितली. फार उशिरा आणि फार लहान आवाजात. ती म्हणाली, "नाच चांगला हाय. माझ्याशिवाय चांगला हाय."

ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. मला स्टेशनवर येऊ दिलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

दोन दिवस पडून होते. आईला वाटलं ऊन लागलं.

आज फिशरीज कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. आर्या मैत्रिणींबरोबर बाहेर आली, मला बघून थबकली.

"परीक्षा आहे ना?" मी विचारलं.

"मे महिन्यात आहे," ती म्हणाली.

फाटकाजवळच्या टपरीवर कोकम सरबत घेतलं. मी सांगितलं, मी तुला तुझ्यासारखं नाचू दिलं नाही, दुसऱ्याच कुणाचा खांदा तुझ्यावर चढवत होते. चूक माझी होती. दहा दिवस राहिलेत. येशील का?

आर्यानं विचारलं, "खांद्याचं काय करायचं मग?"

"तुझा जसा आहे तसा."

"ताई, मला खरंच भीती वाटते. सानवी मागे झुकते तेव्हा वाटतं, माझ्याकडून सुटणार."

"मग तसंच वाटू दे," मी म्हटलं. "लपवू नकोस."

तिनं सरबत संपवलं. पिशवीतून वही काढली आणि ते लिहून घेतलं. मला हसू आलं.

२९ मार्च, शनिवार

चित्रीकरण झालं. उद्या पाडवा म्हणून गिरणीवर रांग. आत्मारामकाकांना म्हटलं, तासभर बंद ठेवाल का? ते म्हणाले, "बाय, आज बंद केली तर लोक मलाच दळतील." म्हणून गिरणीच्या आवाजातच केलं. शेवटच्या दोन मिनिटांना संगीत ठेवलंच नाही, फक्त ती घरघर.

होडीत आर्याचे डोळे मोठे झाले. तिला खरोखर वाटत होतं की सुटणार. ते आपल्याला दिसतं, सानवीला दिसत नाही, आणि तरी सानवी वजन सोडते. मी कॅमेऱ्यामागे श्वास धरून होते. आर्या बाजूला झाली, निघून गेली. सानवी उभी राहिली. मी मनात मोजायचं ठरवलं होतं, पण मोजणं विसरले.

संपल्यावर आर्यानं विचारलं, "चुकलं का काही?"

मी तिला पहिल्यांदा नीट बघितलं. उंच मुलगी आहे. वजन घेताना हनुवटी किंचित वर करते. दोन वर्षांत मला हे दिसलं नव्हतं.

३१ मार्च, सोमवार

अर्ज गेला. 'रचनेविषयी' या रकान्यात लिहिलं: यातली पाठीला पाठ लावून फिरण्याची हालचाल २०१९ मध्ये राही आणि मला एकत्र सापडली. लिहिण्याआधी राहीला विचारलं. तिचा आवाजी निरोप आला. मागे रिक्षांचा गोंगाट होता.

"लिही माझं नाव. आणि काकूंना सांग, माझं चुकलं. माईक समोर आला तेव्हा तुझं नाव तोंडात होतं. घेतलं असतं तर रडू आलं असतं, सगळ्यांसमोर. म्हणून समुद्राचं बोलले. मालाडचं डोक्यातून काढ. मी दुसरी पोरगी बघितलीय."

आईला ऐकवलं. आई म्हणाली, "रडली असती तर काय झालं असतं," आणि पदराला हात पुसत आत गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "परत एकदा लाव तो निरोप."

२६ एप्रिल, शनिवार

व्हिडिओवर मुलाखत झाली. तिघं जण होते. माझ्या इंग्रजीची तीन वाक्यं ऐकून त्यातल्या एका बाईंनी हिंदीत बोला म्हणून सांगितलं. होडीबद्दल आधी कुणीच विचारलं नाही. आवाज कसला आहे, विचारलं. पिठाची गिरण, म्हटल्यावर तिघंही हसले.

शेवटी एकानं विचारलं, "या दोघींतल्या तुम्ही कोण?"

मी लगेच म्हटलं, "उभी राहिलेली."

फोन बंद झाल्यावर बराच वेळ मला खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं. का, ते कळत नाही.

२० मे, मंगळवार

निवड झाली.

लग्नाच्या संगीताची तालीम घेत होते, नवऱ्या मुलाच्या चार आत्या एकाच ओळीत, त्यांतली एकही ताल ऐकत नव्हती. फोन आला तो तिथंच. मी आत्यांना म्हटलं, दोन मिनिटं बसा, आणि अंगणात कलमाखाली जाऊन उभी राहिले. पडलेले आंबे होते, त्यांवर माश्या होत्या. काय करायचं असतं अशा वेळी, ते मला येईना. मग परत जाऊन आत्यांना उजवा पाय पुढे टाकायला शिकवला.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "तिकीट काढ." एवढंच. मग चष्मा पुसत बसले. आईनं विचारलं, तिकडे भात कसला मिळतो.

राहीला कळवलं. तिनं लिहिलं, 'जा.'

तो एक शब्द मी आनंदी आवाजात वाचून बघते, रागाच्या आवाजात वाचून बघते. सगळे आवाज बसतात.

२७ जून, शुक्रवार

उद्या गाडी. क्लास आर्या आणि सानवी मिळून चालवतील. आर्याचा निकाल चांगला लागला, सप्टेंबरपर्यंत ती इथंच आहे. आज दोघी लहान मुलींचा वर्ग घेत होत्या, मी दारात उभी राहून बघितलं. मला कुणी काही विचारलं नाही. बरं वाटलं, आणि थोडं नाहीही.

दुपारी राहीचा फोन आला. मार्चनंतर पहिल्यांदा. सेटवर जेवणाची सुट्टी होती तिला. म्हणाली, बादली बरोबर ने, हॉस्टेलच्या बादल्या फुटक्या असतात. चादर जाड ने. मी हसून हो-हो म्हणत होते. आवाज ऐकायला मिळत होता, त्यात बादली असो नाहीतर काही.

"खाट देतात ना तिकडे?" तिनं विचारलं.

"देतात. दोघींत एक खोली, दोन खाटा."

"मालाडला मी पण दोनच घेतल्या होत्या," ती म्हणाली. "ती दुसरी गेल्या वर्षी विकली."

"कशाला विकलीस? कपडे ठेवायला झाली असती."

ती हसली. मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं. "जाते गो," म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी बॅगेत कपडे भरले. आईनं दिलेले कुळथाच्या पिठाचे, कोकमाचे डबे कपड्यांमध्ये बसवले. आई बाहेर शेजारच्या काकूंना बंगळूरच्या भाताबद्दल सांगत होती. मग ही वही उघडून आजचं लिहायला बसले आणि खाटेपर्यंत आल्यावर हात थांबला.

गेल्या वर्षी विकली. ती गेली २०२२ साली. म्हणजे मी आले नाही त्यानंतर, फोन बंद ठेवला त्यानंतर, एवढ्याशा खोलीत ती दोन वर्षं ती खाट ठेवून होती. आणि तिचे कपडे तरी काय, एका पेटीत मावणारे.

कपडे ठेवायला झाली असती, म्हटलं मी तिला.

तिला फोन लावला. उचलत नाही. सुट्टी संपली असेल, काम सुरू झालं असेल. परत लावते.